घाटातली बस, उसाची ट्रॉली आणि ग्राफ पेपर

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: मुलगी दहावीला आहे, मराठी मीडियम, गणितात दोन समीकरणांचा ग्राफ काढून छेदनबिंदू बरोबर शोधतेय, तिथले मार्क कधी जात नाहीत, पण सायन्सला "बस दहा मिनिटं थांबली तर ग्राफ कसा दिसेल" असं विचारलं की पेन जागच्या जागी थांबतंय. त्यात पुढच्या वर्षी पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स इंग्लिशमधून. तर घरी काय करून घ्यावं, आणि खानापूरसारख्या ठिकाणी लॅब नाही, क्लास नाही, तर जमेल का.

जमतंय. मी बेळगावात पीयूसीला फिजिक्स शिकवतोय, तेवीस वर्षं झाली, आणि दरवर्षी जूनमध्ये माझ्यासमोर अशी साठ-सत्तर पोरं बसलेली असतात, मराठी मीडियम, कन्नड मीडियम, इंग्लिश मीडियम सगळी मिसळून, आणि या एका बाबतीत तिन्ही मीडियमची पोरं सारखीच अडकतात, त्यामुळं मराठी मीडियमचा दोष म्हणून मनाला लावून घेऊ नका. मुलगी कच्ची नाही. तिला ग्राफ काढता येतोय, वाचता येत नाही, एवढंच. एक्सला ०, १, २ घाला, वाय काढा, टेबल करा, ठिपके मारा, पट्टी लावा, हे हाताला सवयीचं झालंय. पण एक्स म्हणजे कोण आणि वाय म्हणजे कोण हे दहावीपर्यंत तिला कुणी विचारलेलंच नसतंय. एक्स म्हणजे एक्स, झालं.

मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट करतो. फळ्यावर काहीच न लिहिता सांगतो, बेळगावहून सकाळची बस चोर्ला घाटातून पणजीला निघाली, अंतर आणि वेळेचा ग्राफ काढा, आकडे नकोत, नुसता आकार. पाच मिनिटांनी वह्या बघत फिरलो की निम्म्याहून जास्त वह्यांत डोंगर असतोय. खरंच डोंगर. रेघ वर चढते, शेंड्याला जाते, आणि मग गोव्याकडं उतरते. एका पोरानं तर वळणं पण काढलेली, नागमोडी. मी त्याला म्हटलं, बाबा रे, तुझी रेघ इथं खाली यायला लागली, उभ्या अक्षावर आकडा कसला आहे? बेळगावपासूनचं अंतर. मग अंतर कमी व्हायला लागलं म्हणजे काय झालं? पोरगं थोडा वेळ गप्प, मग म्हणालं, "बस परत फिरली की ओ सर." वर्ग हसला, पण त्या दिवशी त्याला जे कळलं ते पुस्तकातल्या दहा उदाहरणांनी कळलं नसतं.

हीच मेन चूक आहे, ग्राफकडं रस्त्याचं चित्र म्हणून बघणं. ग्राफ रस्त्यावर नसतोच, तो दोन मापांमधला हिशोब असतोय. घाट चढताना बस हळू होते, तर ग्राफमध्ये रेघ जास्त उभी होत नाही, उलट आडवी पडायला लागते. उतारावर वेग घेतला की रेघ जास्त उभी होते. म्हणजे बस चढते तेव्हा रेघ झोपते आणि बस उतरते तेव्हा रेघ उठते, डोळ्यांना जे दिसतंय त्याच्या बरोबर उलट, म्हणून तर पोरं फसतात. आणि चहाला बस थांबली तर घड्याळ चाललेलं असतंय, अंतर तेवढंच राहिलंय, रेघ सपाट. दहा मिनिटं सपाट. तिला सांगा, बोट खालच्या अक्षावर ठेव, डावीकडून उजवीकडं हळूहळू सरकव, बोट म्हणजे घड्याळाचा काटा, आणि प्रत्येक जागी थांबून विचार की आत्ता बस कुठं आहे. तोंडानं मोठ्यानं बोलायला लावा. बोलता आलं नाही तिथं समजलेलं नाही असं धरायचं.

उभी रेघ काढली पोरांनी तर मी काही बोलत नाही, नुसतं विचारतो की एकाच क्षणाला बस बेळगावात पण आहे आणि पणजीला पण आहे काय. बास, पुसतात.

आता तुमच्या खानापूरचीच गोष्ट घेऊ, कारण दहावीला जे दोन रेषीय समीकरणांचं प्रकरण आहे त्याला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. लोंढा ते मिरज लाईन आपल्याकडं वर्षानुवर्षं सिंगल होती. डबलिंगचं काम होण्याआधी ज्यांनी या लाईनवर प्रवास केलाय त्यांना माहीत आहे, गाडी मधल्याच स्टेशनात उभी राहायची, लोक खाली उतरून बाकावर बसायचे आणि कुणीतरी म्हणायचं "क्रॉसिंग आहे". हे क्रॉसिंग, समोरासमोरच्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात ती जागा, म्हणजे तुमच्या मुलीचा छेदनबिंदू. अक्षरशः तोच.

आकडे सोपे धरू, खऱ्या टाईमटेबलचे नाहीत. बेळगाव ते लोंढा ५० किलोमीटर धरा. एक गाडी बेळगावहून सकाळी १० वाजता निघाली, ताशी ४० नं. दुसरी लोंढ्याहून १० वाजून १५ मिनिटांनी निघाली बेळगावकडं, ताशी ५० नं. अंतर बेळगावपासून मोजायचं आणि वेळ १० वाजल्यापासून तासांत. पहिलीचं समीकरण सोपं, अंतर = ४० × वेळ. दुसरी ५० वर उभी आहे, पाव तास तिथंच, म्हणजे सुरुवातीला सपाट रेघ, आणि मग खाली यायला लागते कारण ती बेळगावच्या जवळ येतेय, अंतर = ५० − ५० × (वेळ − ०.२५). कंस सोडवला की अंतर = ६२.५ − ५० × वेळ. इथं पोरं लगेच विचारतात, सर हे ६२.५ कुठलं, लोंढा तर ५० वर आहे. चांगला प्रश्न आहे. ती रेघ मागं तशीच वाढवत नेली तर १० वाजता ती ६२.५ वर असती, पण खरी गाडी तेव्हा लोंढ्यातच उभी होती. म्हणजे समीकरण १० वाजून १५ मिनिटांच्या पुढंच खरं, त्याआधी नाही. समीकरणाला पण कुठून कुठपर्यंत खरं अशी हद्द असतेय, आपल्या गावांसारखीच. (हद्दीचं उदाहरण बेळगावात लगेच समजतंय, समजावून सांगावं लागत नाही.)

दोन्ही समान धरा. ४० × वेळ = ६२.५ − ५० × वेळ, म्हणजे ९० × वेळ = ६२.५, वेळ आली ०.६९४ तास, जवळजवळ ४२ मिनिटं, आणि अंतर साधारण २७.८ किलोमीटर. गणिताचा पेपर असता तर इथं चौकट करून उत्तर लिहून मोकळं. पण रेल्वेचा माणूस इथं डोक्याला हात लावेल, कारण खानापूर स्टेशन आहे साधारण २५ किलोमीटरवर आणि २७.८ वर स्टेशन नाही, नुसती झाडी आहे. सिंगल लाईनवर दोन गाड्या झाडीत समोरासमोर आल्या असं चालत नाही. मग काय करायचं? बेळगावची गाडी २५ किलोमीटरला कधी पोचते, २५ भागिले ४०, म्हणजे साडेसदतीस मिनिटांनी. लोंढ्याची गाडी खानापूरला कधी येते, तिचे पण २५ किलोमीटर, ताशी ५० नं अर्धा तास, म्हणजे १० वाजून ४५ मिनिटांनी. तर बेळगावच्या गाडीला खानापुरात साडेसात मिनिटं उभं करायचं. ग्राफवर साडेसात मिनिटांची सपाट पायरी काढायची, दुसरी रेघ त्या पायरीच्या उजव्या टोकाला येऊन टेकते, आणि मग दोघी आपापल्या वाटेनं. मुलीला हे ग्राफ पेपरवर स्वतः काढू द्या. प्लॅटफॉर्मवर कंटाळून बसलेल्या माणसाची साडेसात मिनिटं कागदावर एवढीशी आडवी रेघ होऊन दिसते तेव्हा चेहरा बघण्यासारखा असतोय. आणि तिला सांगा की हे मी रचलेलं नाही, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात असेच चार्ट असायचे, एका बाजूला वेळ, एका बाजूला स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची तिरकी रेघ. तिथला माणूस रोज तेच प्रकरण सोडवत बसलेला असायचा, फक्त त्याला कुणी मार्क देत नव्हतं.

सरळ रेघेचं समीकरण, वाय = एम एक्स + सी, हे दुसरं. पोरांना पाठ असतंय, पण "सी म्हणजे काय" म्हटलं की "सर, कॉन्स्टंट". कॉन्स्टंट हे उत्तर नव्हे, तो नुसता शिक्का झाला. मी याला आधी रिक्षाचं भाडं सांगायचो, मिनिमम एवढं आणि पुढं किलोमीटरला एवढं, पण आपल्याकडं मीटर पडतोय कुठं, पोरं हसायची. मग एकदा संकेश्वरकडच्या एका पोरानंच मला चांगलं उदाहरण दिलं. ऊस सीझन चालू होता, तो सुट्टीत घरी जाऊन आलेला. मी वर्गात म्हटलं, ट्रॉलीत मोळ्या भरत गेलो, एक मोळी १५ किलोची धरली, तर मोळ्या आणि काट्यावरचं वजन याचा ग्राफ काढा. सगळ्यांनी शून्यातून रेघ काढली. सगळ्यांनी. हा मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, ट्रॉली काय हवेत तरंगतेय?"

बरोबर होतं त्याचं. रिकामी ट्रॉली समजा २२०० किलो. मग वजन = १५ × मोळ्या + २२००. मोळी एकही नाही तरी काटा २२०० दाखवतोय, रेघ तिथूनच निघते, आणि ४०० मोळ्या भरल्या की ८२०० वर जाते. सी म्हणजे रिकाम्या ट्रॉलीचं वजन. एम म्हणजे एका मोळीला किती किलो. शेतकऱ्याला पैसे कशाचे मिळतात, तर ८२०० मधून २२०० वजा करून उरलेल्याचे, म्हणून तर भरलेली गाडी आणि रिकामी गाडी अशी दोनदा काट्यावर जाते. ज्या घरात ऊस आहे तिथल्या पोराला सी चुकवून बघा, भांडायला उठेल. रिकाम्या गाडीचं वजन दोनशे किलोनं जास्त दाखवलं तर प्रत्येक खेपेला दोनशे किलो ऊस फुकट गेला, मोळ्या कितीही असोत. पण काटाच भरलेल्या मालाला दर शंभराला दोन कमी दाखवत असेल तर एम बिघडला, मग जेवढा माल जास्त तेवढा तोटा जास्त. एक चूक अख्खी रेघ वरखाली सरकवते, दुसरी चूक रेघेचा कल बदलते. लॅबमध्ये आम्ही याला झिरो एरर आणि स्केल एरर म्हणतो आणि पोरं वैतागतात. ट्रॉलीवर सांगितलं की एका तासात होतंय.

आणि हो, मोळ्या मोजल्या तर ठिपके एका रेघेत येणार नाहीत, कारण सगळ्या मोळ्या सारख्या नसतात, बांधणाऱ्याच्या हातावर असतंय. कुठला १३ किलो, कुठला १७. मग पोरं ठिपक्याला ठिपका जोडत करवतीचे दात काढतात. ते नको. ठिपक्यांच्या मधून, वर-खाली सारखेच राहतील अशी एक सरळ रेघ काढायची, एकाही ठिपक्यावरून नाही गेली तरी चालते. शाळेतल्या ग्राफमध्ये ठिपके कायम रेघेवर बसतात कारण ते समीकरणातूनच काढलेले असतात. खऱ्या मापात उलटं असतंय, आधी ठिपके, मग रेघ, आणि समीकरण सगळ्यात शेवटी. हा क्रम बदलणं एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळी उदाहरणं.

आता सगळ्या गोष्टी सरळ रेघेत चालत नाहीत हे तिला दहावीतच कळलं तर पीयूसीला लई सोपं जातंय. त्यासाठी पाण्याची बाटली घ्या. दोन लिटरची प्लास्टिकची, वरचं तोंड कापून टाका, सरळ भिंती असलेला भाग राहू दे, खाली बुडाजवळ तापवलेल्या खिळ्यानं साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा (हे तुम्ही करा, तिला नको), आणि भोकापासून वर २० सेंटिमीटरपर्यंत स्केचपेननं खुणा करा. भोकावर बोट, पाणी २० पर्यंत, बोट काढलं की मोबाईलचं स्टॉपवॉच चालू. आधी तिला अंदाज विचारा. सगळी पोरं म्हणतात, २० वरून १० ला यायला जेवढा वेळ लागेल तेवढाच पुढं १० वरून ० ला लागेल.

होत नाही तसं. भोक कसं पडलंय त्यावर आकडे बदलतील, पण ३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर वरचं निम्मं पाणी दोन मिनिटांच्या आत जातंय आणि उरलेलं निम्मं चार मिनिटांच्या पुढं रेंगाळत बसतंय. कारण पाणी जसं कमी होईल तसा भोकावरचा दाब कमी आणि धार मंद. टॉरिचेल्ली म्हणून गॅलिलिओचा शिष्य होता, त्यानं १६४०च्या दशकात सांगून ठेवलंय की धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणं असतोय. यातून एक मजेशीर हिशोब निघतो, एकूण वेळेच्या निम्म्या वेळात तीन चतुर्थांश पाणी गेलेलं असतंय. म्हणजे सगळं रिकामं व्हायला सहा मिनिटं लागत असतील तर तिसऱ्या मिनिटाला पाणी २० वरून ५ वर आलेलं पायजे. हे आधी कागदावर लिहून ठेवायचं आणि मग करून बघायचं. बरोबर आलं की घरात आरडाओरडा होतोय, माझ्या घरी झालेला.

ग्राफ काढला तर वाकडी रेघ येते, आधी तीव्र, मग झोपत जाणारी. आता इथं एक जुनी युक्ती आहे आमच्या धंद्यातली. वाकडी रेघ बघून ती कुठली वाकडी आहे हे डोळ्यांना सांगता येत नाही, सगळ्या वाकड्या रेघा सारख्याच दिसतात. सरळ रेघ मात्र डोळा लगेच ओळखतोय. म्हणून उभ्या अक्षावर उंची न घेता उंचीचं वर्गमूळ घ्या, २० चं ४.४७, १५ चं ३.८७, १० चं ३.१६, ५ चं २.२४, आणि समोर वेळ. सरळ रेघ आली की समजायचं टॉरिचेल्ली बरोबर. अगदी तळाला, शेवटच्या एक-दीड सेंटिमीटरला रेघ बिघडते, कारण तिथं धार राहत नाही, नुसते थेंब पडतात. ते ठिपके खोडू नका, वहीत तसेच ठेवा आणि शेजारी लिहा "इथं थेंब". पीयूसीच्या प्रॅक्टिकलला जी पोरं असं काहीतरी प्रामाणिक लिहितात ती मला वर्षभर लक्षात राहतात.

आता गंमत. हेच स्लॅबवरच्या टाकीला लावून बघा. एक वर्ष एका मुलीनं घरची हजार लिटरची काळी टाकी मोजली, खालचा नळ पूर्ण सोडून, भाऊ वर टाकीत पट्टी धरून बसलेला, आणि ती तक्रार घेऊन आली की सर, सूत्र चुकीचं आहे, माझी रेघ जवळजवळ सरळच येते. (पाणी एवढं सोडलं म्हणून घरात बोलणी खाल्ली ते वेगळं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा हा प्रयोग बागेला पाणी घालायच्या दिवशीच करावा.) मी तिच्या ग्राफकडं बघितलं आणि विचारलं, नळ कुठं आहे? खाली मोरीत. टाकीचं बूड नळापासून किती वर? दहा फूट तरी असेल. मग झालं की. नळाला टाकीतली एक मीटर उंची दिसत नाही, त्याला नळापासून पाण्याच्या वरच्या पातळीपर्यंतची सगळी उंची दिसते. टाकी भरलेली असताना ती ४ मीटर, रिकामी होताना ३ मीटर. ४ चं वर्गमूळ २, ३ चं १.७३. म्हणजे टाकी संपत आली तरी धार सुरुवातीच्या ८७ टक्के आहेच. म्हणून रेघ जवळजवळ सरळ. सूत्र तेच, फक्त उंची कुठून मोजायची हे बदललं. बाटलीत शून्य भोकापाशी होतं, टाकीत शून्य मोरीतल्या नळापाशी. मला स्वतःला पण हे त्या दिवसापर्यंत कधी सुचलेलं नव्हतं, खरं सांगतो, मी वर्षानुवर्षं टाकीचंच उदाहरण देऊन वाकडी रेघ काढत होतो फळ्यावर.

चहाचं पण करा, त्याला थर्मामीटर लागतोय, शंभरपर्यंतचा लॅबचा असेल तर उत्तम, तापाचा चालणार नाही, फुटेल. चहा वाया घालवू नका, नुसतं गरम पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या. आमच्या वर्गातले एका दिवसाचे आकडे देतो, खोलीत २४ डिग्री होतं. दर पाच मिनिटांनी ८०, ६९, ६०, ५३, ४७. पोरांनी आधी वजाबाक्या केल्या, ११, ९, ७, ६, काही ताळमेळ दिसेना. मग म्हटलं, पाण्याला शून्य डिग्रीशी काय देणंघेणं, त्याला खोलीशी मतलब, तेव्हा प्रत्येकातून २४ वजा करा. ५६, ४५, ३६, २९, २३. आता भागून बघा. ४५ भागिले ५६ म्हणजे ०.८, ३६ भागिले ४५ म्हणजे ०.८, पुढं पण ०.८ च्याच आसपास. दर पाच मिनिटांनी खोलीपेक्षा जास्त असलेली गरमी पाचातली चार भाग उरते. न्यूटननं १७०१ मध्ये हेच मांडलं. दहावीच्या मुलीला घातांकी फलन वगैरे काही सांगायची गरज नाही, "दरवेळी तेवढंच कमी होतंय" आणि "दरवेळी तेवढाच हिस्सा कमी होतोय" या दोन वाक्यांतला फरक कळला की पुढं चक्रवाढ व्याज, किरणोत्सर्ग, कपॅसिटर सगळं त्याच दाराने आत येतंय. एक सांगतो, पाणी उकळत्या अवस्थेत घेतलंत तर पहिले एक-दोन ठिपके खाली जातील, कारण तेव्हा वाफेवाटे पण बरीच गरमी जाते. आणि बेळगावात पाणी १०० ला उकळत नाही, आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर आहोत, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतंय, थर्मामीटर खराब म्हणून फेकून देऊ नका.

बाकी दोन-तीन पटकन सांगतो. हायवेला वंटमुरी घाटात ब्रेक मारायचं उदाहरण मोठ्या पोरांना लई लागू पडतंय, कारण सगळ्यांना गाडी पायजे असते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा, आणि कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग ६ मीटर प्रति सेकंदानं कमी होतोय असं धरा. ताशी ४० ला ब्रेक लागायच्या आधी ११ मीटर आणि लागल्यावर १० मीटर, एकूण २१. ताशी ८० ला दुप्पट ४२ व्हायला पायजे असं वाटतंय, पण होतात २२ अधिक ४१, म्हणजे ६३. पहिला भाग वेगाच्या पटीत वाढतो, दुसरा वेगाच्या वर्गाच्या पटीत. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही, ग्राफ काढायला लावतो, पोरं आपलं आपण गप्प होतात.

पावसाळ्यात पेपरात राकसकोप जलाशयाची पातळी रोज येते, ती महिनाभर वहीत उतरवून घ्यायला लावा. जलाशय भरतो २४७५ फुटांना, त्यामुळं शून्यापासून अक्ष काढला तर अख्खा जुलै कागदाच्या वरच्या काठाला चिकटून एक सपाट रेघ दिसेल, म्हणून अक्ष मधूनच सुरू करावा लागतो, आणि तसं केलं की तीच वाढ एकदम प्रचंड दिसायला लागते. दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी काढा, पेपरवाले आणि टीव्हीवाले कशी कमाल करतात ते पण त्यातच समजतंय. दुसरं, जलाशय पसरट ताटासारखा असतोय, वर जाईल तसा रुंद, त्यामुळं वरच्या एका फुटात खालच्या एका फुटापेक्षा जास्त पाणी. पाऊस तेवढाच पडला तरी पातळी वरवर हळू चढते. पातळीचा ग्राफ म्हणजे पाण्याचा ग्राफ नव्हे.

विहिरीत दगड टाकून खोली काढायचं सगळ्यांना माहीत असतंय, खोली = ४.९ × वेळेचा वर्ग, दोन सेकंद लागले तर साधारण साडेएकोणीस मीटर. घरच्या, शेतातल्या विहिरीवर करा. आमची काही हुशार मंडळी टिळकवाडीला काँग्रेस विहिरीवर करायला गेलेली, जी १९२४च्या अधिवेशनासाठी खणलेली, गांधीजी अध्यक्ष होते ते. तिथं दगड टाकू नका म्हणजे झालं.

आता इंग्लिशचं. त्याची भीती तुम्हाला जेवढी वाटतेय तेवढी मला वाटत नाही. शब्द पंचवीस-तीस आहेत. उतार म्हणजे स्लोप, चल म्हणजे व्हेरिएबल, समप्रमाण म्हणजे डायरेक्टली प्रपोर्शनल, रेघ उभ्या अक्षाला जिथं टेकते ते इंटरसेप्ट, सरळ रेघेचं ते लिनिअर. जून ते ऑगस्ट त्रास होतोय, दिवाळीपर्यंत जातोय. ज्याला स्लोप शब्द येतोय पण "किलो प्रति मोळी" म्हणता येत नाही त्याचा त्रास मात्र दुसऱ्या पीयूसीपर्यंत जात नाही. म्हणून एक सवय आत्ताच लावा, उतार काढला की नुसता आकडा लिहायचा नाही, त्याला एकक पायजेच. उभ्या अक्षाचं एकक भागिले आडव्या अक्षाचं. १५ नव्हे, १५ किलो प्रति मोळी. ४० नव्हे, ४० किलोमीटर प्रति तास. एकक लिहिलं की उताराचा अर्थ आपोआप तोंडात येतो, आणि विचित्र एकक आलं, तास प्रति किलोमीटर वगैरे, तर अक्ष उलटे घेतलेत हे पण तिथल्या तिथं कळतंय.

तुम्ही मोबाईलवरच्या ॲपचं पण विचारलंय. जिओजेब्रा फुकट आहे, चांगलं आहे, मी वापरतो. पण पहिले दोन-तीन महिने नको. ॲप स्केल स्वतः ठरवतंय, आणि स्केल ठरवताना जी डोकेफोड होते, सगळ्यात मोठा आकडा किती, चौकोन किती, एका चौकोनाला किती द्यायचे, तिथंच निम्मं शिकणं असतंय. एका चौकोनाला ३ किंवा ७ धरू देऊ नका, १, २, ५, १० असंच, नाहीतर मधले ठिपके वाचताना चुका होतात. ग्राफ पेपरचं बंडल बाजारात मिळतंय, शिसपेन्सिल टोकदार, आणि बाटली पारदर्शक बघून घ्या, रंगीत नको, खुणा दिसत नाहीत. आकडे आले की मला पाठवा, वर्गमुळाची रेघ कुठं बिघडली ते बघून सांगतो.